जुन्या पेट्रोल गाडीचं टायमिंग, कोकणातल्या हवेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात अजून काही घरांच्या पडवीत पद्मिनी उभी दिसते, कुठे मांगरात ॲम्बेसेडर, कुठे पेट्रोलची जुनी जीप. गणपती जवळ आले की त्या बाहेर काढायची लगबग सुरू होते आणि तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. पॉइंट-कंडेन्सरवर (पॉइंट नावाचे दोन छोटे संपर्क उघडले की ठिणगी पडते, अशा जुन्या पद्धतीवर) चालणारी कोणतीही जुनी गाडी असो, तत्त्व एकच आहे. रोटरी इंजिनाबद्दल विचारणारेही दोन-चार जण भेटतात, त्यांच्यासाठी शेवटचे प्रश्न आहेत.

टायमिंग म्हणजे नेमकं काय जुळवायचं असतं?

प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ. ठिणगी पडल्याबरोबर सगळं पेट्रोल-हवेचं मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत पसरायला एक-दोन मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात क्रँक फिरतच असतो. 800 आरपीएमवर तो एका मिलिसेकंदात जेमतेम 5 अंश फिरतो, 3000 आरपीएमवर 18 अंश. पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला, पोचून खाली वळतो तेव्हाच दाब सर्वांत जास्त हवा, म्हणून ठिणगी थोडी आधी पाडावी लागते. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी जास्त आधी.

हे आधी-नंतरचं काम चालू गाडीत डेल्को स्वतः करतो. (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणारा भाग; कागदोपत्री डिस्ट्रिब्युटर, पण गॅरेजमध्ये डेल्कोच म्हणतात.) आतली दोन वजनं वेगाबरोबर बाहेर फाकतात आणि बाजूचा व्हॅक्यूमचा डबा हलक्या पायाने चालवताना आणखी थोडा ॲडव्हान्स देतो, म्हणजे ठिणगी आणखी लवकर पाडतो. आपण जुळवतो ती फक्त सुरुवातीची जागा.

गाडी ओढत नाही. टायमिंगच बिघडलंय ना?

बहुतेक वेळा नाही. टायमिंग आपोआप फारसं हलत नाही. डेल्कोचा क्लॅम्प ढिला झाला असेल तरच डेल्को फिरतो. हलतो तो पॉइंटचा गॅप, आणि गॅप हलला की टायमिंगही हलतं.

पॉइंटच्या हाताला फायबरची टाच असते. ती डेल्कोच्या कॅमवर घासत राहते आणि झिजते. टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते. गॅप वाढला तर याच्या बरोबर उलट, ठिणगी लवकर पडते. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग प्लग, मग पॉइंटचा गॅप, आणि टायमिंग सर्वांत शेवटी. आधी टायमिंग जुळवून मग पॉइंटला हात लावला तर केलेलं काम वाया जातं. एखादा मिस्त्री बॉनेट उघडल्याबरोबर थेट डेल्कोच ढिला करू लागला, तर त्याला थांबवा आणि आधी डेल्कोची कॅप काढून पॉइंट बघायला सांगा.

समुद्राकाठच्या हवेने टायमिंगवर खरंच परिणाम होतो का?

टायमिंगवर नाही, ठिणगीवर होतो. पण लक्षणं इतकी सारखी दिसतात की दोष टायमिंगला मिळतो.

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, कॅपच्या दोन क्लिपा काढून आत टॉर्च मारा. आतल्या बाजूला दमटपणाची पातळ झिलई दिसेल. तळहात फिरवला तर ओला होईल. वीस हजार व्होल्टच्या आसपासची वीज त्या ओल्या वाटेने पळते आणि प्लगपर्यंत पोचतच नाही. काही दिवस असंच चाललं की कॅपच्या आत एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीकडे केसासारखी बारीक काळी रेघ उमटते. तो जळून झालेला कार्बन. एकदा रेघ उमटली की ती पुसून जात नाही, घासलीत तरी ठिणगी तीच वाट धरते. कॅप बदला. त्यावर पैसे वाचवू नका.

दुसरं म्हणजे खार. कॅपच्या आतल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्यांवर पांढरी भुकटी साठते, कॉइलच्या (ठिणगीसाठी मोठा व्होल्ट तयार करणाऱ्या भागाच्या) टर्मिनलवर हिरवट थर चढतो, आणि इंजिनातून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी आतून कुजते. देवगड, मालवण, हर्णै, जयगड अशा अगदी किनाऱ्यालगतच्या गावांत हे फार लवकर होतं. अर्थिंगची पट्टी सोडवून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा, बसवल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. कॅपच्या आत मात्र काहीही लावू नका, फक्त कोरड्या सुती फडक्याने पुसा.

पुण्याला किंवा कोल्हापूरला ट्यून केलेली गाडी खाली आल्यावर खडखडते. का?

पुणे आणि कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहेत. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. कमी हवा सिलिंडरमध्ये शिरली की दाबही कमी तयार होतो आणि इंजिन थोडा जास्त ॲडव्हान्स निमूट सहन करतं. तिथे कानाने ऐकून, अगदी कडेला नेऊन टायमिंग लावलं असेल, तर आंबा घाट उतरून साखरप्याला आल्यावर तेच टायमिंग जास्त ठरतं. मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच ठिकठिकाणी भडकतं आणि इंजिनातून टकटक ऐकू येते. यालाच नॉकिंग म्हणतात.

दमट हवेचा परिणाम मात्र उलटा, हवेतल्या बाष्पामुळे नॉकिंग थोडं कमी होतं. म्हणूनच पावसाळ्यात गप्प असलेली गाडी मे महिन्याच्या उन्हात बोलू लागते. ऋतूगणिक टायमिंग बदलत बसू नका. एप्रिल-मेच्या दुपारी, गाडी पूर्ण तापलेली असताना, चढावर जे टायमिंग शांत राहतं ते वर्षभरासाठी ठेवा.

आकडा किती ठेवायचा?

तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तो. पद्मिनी (कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, 1089 सीसी) आणि ॲम्बेसेडर (हिंदुस्तान मोटर्सची, 1489 सीसी पेट्रोल) वर्षानुवर्षं बनत राहिल्या आणि मधल्या काळात डेल्कोही बदलले. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. दोन्हींची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) मात्र 1-3-4-2. जुन्या ॲम्बेसेडरच्या ल्यूकस डेल्कोला पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी. हरिकेन पेट्रोल इंजिनाच्या जुन्या जीपला गॅप 0.5 मिमी आणि टायमिंग टीडीसीच्या आधी 5 अंश, फायरिंग ऑर्डर तीच.

पॉइंटचा गॅप नीट कसा लावायचा?

डेल्कोची कॅप आणि तिच्याखाली फिरणारा रोटर काढा. हँडलने इंजिन फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर बरोबर मध्यभागी आणा, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडे होतील. फीलर गेजची (फट मोजायच्या ठरलेल्या जाडीच्या पट्ट्यांपैकी) पट्टी सरळ आत घाला. ती अडकता कामा नये आणि सैल हलताही कामा नये, किंचित ओढ लागली पाहिजे. कसायचा स्क्रू आवळताना गॅप हमखास सरकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा.

पॉइंट जुने असतील तर एका तोंडावर टेंगूळ आणि समोरच्यावर खड्डा तयार झालेला असतो. अशा पॉइंटमध्ये फीलर गेज खोटं माप देतं, कारण पट्टी टेंगळावर टेकते आणि खरा गॅप तिच्यापेक्षा मोठा असतो. एवढे खराब झाले असतील तर नवीन टाका. टेंगूळ लवकर तयार होत असेल, पॉइंट निळे-काळे पडत असतील तर कंडेन्सर (पॉइंटवर पडणारी ठिणगी शोषणारा भाग) बघा.

टाचेला कॅमजवळ ग्रीसचा मुगाएवढा ठिपका द्या. कोरड्या कॅमवर टाच झरझर झिजते. जास्त ग्रीस दिलं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि गाडी मिसिंग करू लागते.

टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) नाही. घरच्या घरी लावता येईल?

येईल, आणि चांगलं लावता येईल. बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी पुरेशा आहेत.

खळ्यात सपाट जागी गाडी उभी करा, मागच्या चाकांना पुढून-मागून जांभ्याचे चिरे लावा. चारही प्लग काढले की इंजिन हाताने हलकं फिरतं. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी हँडल फिरवायला सांगा. अंगठा जोराने बाहेर ढकलला गेला की ती कॉम्प्रेशनची खेप. आता पुलीवरची खूण टायमिंग कव्हरवरच्या ठरलेल्या अंशापाशी आणा. ही खूण वर्षानुवर्षांच्या ऑइल-मातीखाली गडप झालेली असते. रॉकेलच्या ब्रशने घासा आणि पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. बऱ्याच ॲम्बेसेडरच्या कव्हरवर तीन टोकं असतात, त्यातलं सर्वांत लांब टोक टीडीसीचं.

खूण जुळल्यावर रोटरचं तोंड पहिल्या प्लगच्या वायरीकडे आहे ना ते बघा. नसेल, बरोबर समोरच्या बाजूला असेल, तर तुम्ही कॉम्प्रेशनवर नाही, एक्झॉस्टवर आहात. आणखी एक फेरी फिरवा.

आता बल्बची एक वायर डेल्कोच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. चावी ऑन. पॉइंट मिटलेले असले की बल्ब विझलेला, उघडले की पेटलेला. डेल्कोचा क्लॅम्प जेमतेम ढिला करा. डेल्को आधी रोटर फिरतो त्या दिशेने वळवा, बल्ब विझेल. मग अगदी सावकाश उलट दिशेला आणा. ज्या क्षणी बल्ब पेटेल तिथे थांबा आणि क्लॅम्प आवळा. चावी लगेच ऑफ. पॉइंट मिटलेले असताना चावी ऑन राहिली तर कॉइल तापून जळते.

शेवटी हँडलने दोन पूर्ण फेऱ्या पुढच्या दिशेने फिरवा, चावी ऑन करा आणि बल्ब खुणेवरच पेटतो का ते पुन्हा बघा. खूण ओलांडून पुढे गेलात तर थोडं मागे घेऊन जुळवू नका. टायमिंग चेनमध्ये ढील असते, ती चुकीचं माप देते. परत दोन फेऱ्या घाला.

रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते आधीच बघून ठेवा. आणि एक लक्षात असू द्या: डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. डेल्को 2 अंश हलवलात तर क्रँकवर 4 अंश फरक पडतो. म्हणून हात फार हलका हवा. ल्यूकस डेल्कोच्या बाजूला दातेरी छोटा नट असतो, शेवटचा बारीक फरक त्याने करता येतो.

टायमिंग लाइट वापरताना काय सांभाळायचं?

त्या उजेडात फिरणारा पंखा थांबल्यासारखा दिसतो. तो थांबलेला नसतो. लुंगी, ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी घालून इंजिनापाशी वाकू नका, आणि मुलांना लांब ठेवा.

बाकी सोपं आहे: लाइटची क्लिप पहिल्या प्लगच्या वायरीला लावा, इंजिन पूर्ण तापू द्या, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) पुस्तकात दिलेल्या आरपीएमवर आणा. स्लो जास्त असेल तर आतली वजनं आधीच फाकायला लागतात आणि माप चुकतं. ॲक्सिलरेटर वाढवल्यावर खूण सावकाश पुढे सरकली पाहिजे. सरकलीच नाही तर वजनं गंजून अडकली आहेत, आणि आपल्याकडे हे नेहमी घडतं.

लाइटमध्ये खूण एका जागी न थांबता नाचत असेल तर डेल्कोच्या शाफ्टचा बुश गेलाय. रोटर धरून शाफ्ट बाजूला हलवून बघा. स्पष्ट खेळ जाणवला तर बुश बदलल्याशिवाय कोणतंच टायमिंग टिकणार नाही.

कानाने लावलेलं टायमिंग चालतं का?

जुने मिस्त्री कानाने लावतात आणि त्यांतल्या काहींचा कान खरोखर पक्का असतो. पण नुसत्या स्लोवर ऐकून लावलेलं टायमिंग जवळजवळ नेहमीच जास्त ॲडव्हान्स होतं, कारण उभ्या गाडीवर ॲडव्हान्स वाढवला की स्लो वाढतो आणि इंजिन खुशीत वाटतं. भार पडल्यावरच खरं कळतं. बल्बने किंवा लाइटने जागेवर लावा आणि मग घाटात नेऊन तपासा. कुंभार्ली किंवा आंबोलीसारख्या लांब चढावर, गाडीत माणसं बसवून, वरच्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास वेगाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. टकटक आली तर डेल्को केसभर रिटार्ड करा, म्हणजे ठिणगी उशिरा पडावी म्हणून रोटर फिरतो त्या दिशेला वळवा. दाबताना क्षणभर टकटक येऊन गेली तर चालतं असं बरेच जण सांगतात. माझं मत वेगळं आहे. आज या इंजिनांचे पिस्टन आणि हेड गॅस्केट मिळवताना किती फिरावं लागतं ते पाहता टकटक अजिबात नको, थोडा पिकअप गेला तरी चालेल.

मग रिटार्डच ठेवली तर सुरक्षित ना?

नाही. उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्ट उघडल्यावरही जळत राहतं. इंजिन तापतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लाल होतो, ॲव्हरेज पडतं, सायलेन्सरमधून फटाके वाजतात. घाटात रेडिएटर उकळायला लागला की लोक पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट बदलतात, टायमिंग कोणी बघत नाही.

जास्त ॲडव्हान्सची खूण वेगळी: गरम इंजिन सुरू करताना स्टार्टर मध्येच अडखळतो किंवा हँडल उलटा झटका देतं. त्या झटक्याने मनगट मोडू शकतं. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा पलीकडून घट्ट आवळू नका.

गरम झाल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. टायमिंग?

नाही. कॉइल, कंडेन्सर किंवा पेट्रोलची वाफ. गाडीतल्याच पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवून सुरू झाली तर वाफ, नाहीतर आधी कंडेन्सर बदलून बघा.

आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला टायमिंग बदलावं लागतं का?

इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, म्हणजे नॉकिंगची भीती कमी होते. त्यामुळे मूळ टायमिंग तसंच ठेवता येतं. वाढीव ऑक्टेनचा फायदा घ्यायला ॲडव्हान्स वाढवू नका, पुढच्या टाकीत काय मिळेल ते आपल्या हातात नसतं.

खरी अडचण दुसरीकडे आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. गाडी मध्येच झटके देते आणि ते टायमिंगसारखं वाटतं. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा मऊ होऊन सुटू लागतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळाभर अर्धी टाकी घेऊन उभ्या राहिलेल्या गाडीत हवेतला दमटपणा पेट्रोलमध्ये उतरतो, आणि फार झाला की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. अशा गाडीचं टायमिंग जुळवायच्या आधी कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवू का?

किनाऱ्यावर रोज गाडी चालवत असाल तर बसवा. घासणारी टाच नाही, त्यामुळे लावलेलं टायमिंग टिकतं. पण कॅप, रोटर आणि वायरी त्याच राहतात, त्यामुळे दमटपणाचा त्रास संपत नाही. किटला कोणती कॉइल चालते ते आधी विचारा. जुनी प्लेट, पॉइंट आणि कंडेन्सर पुसून डिकीत ठेवा, कारण किट गेलं तर ते रस्त्याच्या कडेला दुरुस्त होत नाही.

डिझेल जीपला यातलं काय लागू?

काहीच नाही. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. तिथे पंपाचं टायमिंग असतं आणि ते काम पंपवाल्याकडेच द्यावं.

रोटरी इंजिनाच्या जुन्या माझदाचं टायमिंगही असंच लावतात का?

साधन तेच, हिशेब वेगळा. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. तीन कोनांचा रोटर फिरतो आणि त्याच्या एका फेरीत मधला एक्सेंट्रिक शाफ्ट तीन फेऱ्या मारतो. शाफ्टच्या दर फेरीला प्रत्येक रोटर एकदा पेटतो, म्हणून वर सांगितलेला कॉम्प्रेशन की एक्झॉस्ट हा घोळ शाफ्टच्या बाबतीत उरत नाही.

पेटण्याची जागा लांबट आणि अरुंद असते, ज्योत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला वेळेत पोचत नाही. म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. खालचा लीडिंग आधी पेटतो, वरचा ट्रेलिंग थोडा नंतर. 1978 साली आलेल्या पहिल्या आरएक्स-7 मधल्या 12ए इंजिनाला, स्लोवर, लीडिंग बरोबर 0 अंशावर आणि ट्रेलिंग टीडीसीनंतर 20 अंशांवर असतं. पुढच्या पिढीतल्या 13बी इंजिनाला लीडिंग टीडीसीनंतर 5 अंश, ट्रेलिंग नंतर 20. पुलीवर यासाठी दोन खुणा असतात, पिवळी लीडिंगची आणि लाल ट्रेलिंगची.

टीडीसीनंतर? हे चुकीचं छापलंय का?

बरोबर आहे. पिस्टनच्या गाडीत आयुष्य गेलेल्या मिस्त्रीला हा आकडा पटत नाही आणि तो सवयीने डेल्को ॲडव्हान्सकडे सरकवतो. गाडी देताना समोर उभे राहा आणि आकडा कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. पिस्टनचं इंजिन टकटक करून आधी सूचना देतं. रोटरीत नॉकिंग ऐकू येईपर्यंत रोटरच्या टोकांवरचे सील तुटलेले असू शकतात, आणि ते बदलायला अख्खं इंजिन उघडावं लागतं.

पहिल्या आरएक्स-7 मध्ये आधी लाइटची क्लिप पुढच्या रोटरच्या लीडिंग वायरीला लावा आणि डेल्को फिरवून पिवळी खूण पिनेशी जुळवा. मग क्लिप त्याच रोटरच्या ट्रेलिंग वायरीला लावून लाल खूण बघा. ती चुकत असेल तर डेल्को पुन्हा फिरवू नका, त्याने लीडिंग बिघडेल. ट्रेलिंगची जागा डेल्कोवर वेगळी जुळवायची असते. वायरी काढण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून एल-1, एल-2, टी-1, टी-2 असं लिहून ठेवा, कारण लीडिंग आणि ट्रेलिंगची अदलाबदल झाली तर गाडी सुरू होऊनही चुकीच्या वेळी पेटत राहील.